वळणावरच थरथरणारी पिकअप

कांद्याच्या हंगामात सोलापूरच्या श्री सिद्धेश्वर बाजार समितीबाहेर हैदराबाद रस्त्यावर गाड्यांची रांग लागते, तेव्हा दहाचाकी ट्रकांच्या मध्येमध्ये जुन्या पिकअप घुसलेल्या दिसतात. एमएच १३ ची पाटी, दोनतीनदा रंगवलेला हौदा, मागच्या फळीवर गावदेवाचं नाव. टाटांनी १९८८ मध्ये २०६ काढली, तिच्या पाठोपाठ २०७ आली आणि पुढे महिंद्राच्या बोलेरो पिकअपने बाजार व्यापला. २००५ मध्ये ‘छोटा हत्ती’ आला, पण काळ्या रानातून माल काढायला अजून पिकअपच लागते. आठ वर्षं उलटली की या गाड्यांना दरवर्षी पासिंग करावं लागतं. त्या वयात एक तक्रार हमखास निघते: सरळ रस्त्याला गाडी लोण्यासारखी जाते, वळली की हादरते.

यावर बहुतेक ठिकाणी पहिला उपाय होतो तो चाकांच्या बॅलन्सिंगचा. मग अलाइनमेंट, मग शॉकअब्सॉर्बर, शेवटी टायर. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला. बॅलन्सिंग बिघडलेलं चाक पुणे रस्त्यावर सरळ जातानाही ठरावीक वेगाला स्टिअरिंग हलवतंच. जो दोष फक्त वळताना जागा होतो, त्याचं मूळ वळताना गाडीत जे बदलतं त्यातच शोधायला हवं.

बदलतं काय? एक तर भार. गाडी उजवीकडे वळली की वजन डाव्या चाकांवर जातं, आणि वेग दुप्पट झाला तर त्याच वळणावर हा बाहेरचा रेटा चौपट होतो. म्हणून जाणता मिस्त्री पाना उचलण्याआधी विचारतो, “कुठल्या हाताला वळताना?” उजवीकडे वळताना घरघर वाढत असेल आणि डावीकडे वळताना मरत असेल, तर संशय डाव्या बाजूच्या बेअरिंगवर. तुळजापूरचा घाट यासाठी उत्तम. एका पाठोपाठ दोन्ही हातांची वळणं मिळतात आणि फरक कानाला कळतो. खाली उतरल्यावर दोन्ही हबला हात लावून बघायचं. सोलापूरच्या मे महिन्यात दोन्ही गरमच लागणार, पण एक दुसऱ्यापेक्षा जास्त तापलेला असेल तर उत्तर मिळालं. मग जॅक लावून, खाली घोडी ठेवून चाक वरखाली हलवलं आणि खेळ लागला, तर बेअरिंग किंवा किंगपिन. आडवं हलवून लागला तर टायरॉडच्या टोकाचे बॉल जॉइंट.

दुसरा बदल मात्र डोळ्यांना दिसत नाही. गाडी पूर्ण गोल फिरवली, तर बाहेरचं मागचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांत १.४ मीटर अंतर धरलं तर हा फरक जवळपास ८.८ मीटर भरतो, गोल लहान असो की मोठा. दोन्ही चाकं एकाच आसाला घट्ट बांधली असती तर एकाला घासत जावंच लागलं असतं. हे टाळणारी डिफरन्शियलची रचना ओनेसिफोर पेकर या फ्रेंच माणसाने १८२७ मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट केली. आपल्याकडचे मिस्त्री तिच्या पोटातल्या छोट्या गिअरांना ‘स्टार’ म्हणतात. सरळ रस्त्यावर क्राउन या मोठ्या गिअरबरोबर सगळा गोळा एकत्र फिरतो आणि स्टार स्वतःभोवती फिरत नाहीत. गाडी वळली की ते फिरू लागतात. त्यांचे दात तुटले असतील, मागची वॉशर झिजली असेल किंवा ज्या दांड्यावर ते बसतात तोच खाल्ला गेला असेल, तर सोलापूर-पुणे प्रवासात चकार शब्द निघणार नाही, आणि शहरातल्या सात रस्ता चौकात वळण घेताना मात्र मागून कटकट, धक्का, थरथर येईल.

हे स्टार एवढे का खराब होतात, त्याचं उत्तर आपल्या मातीत आहे. पावसात भरलेली पिकअप रानात रुतते, एक चाक जागच्या जागी भिरभिरतं आणि दुसरं हलत नाही. तेव्हा फिरणारं चाक क्राउनच्या दुप्पट वेगाने फिरतं आणि स्टार ज्या वेगाने कधी फिरायला नकोत त्या वेगाने फिरतात. ड्रायव्हर जितकं रेस करेल तितका दांडा तापतो. दगड-पाचट घालून चाकाला पकड द्यावी हे सगळ्यांना माहीत असतं, पण घाई असते. दुसरं कारण पैशांचं आहे: मागे एका बाजूला नवा टायर, दुसऱ्या बाजूला गोटा झालेला. दोघांचा घेर वेगळा, म्हणजे सरळ हैदराबाद रस्त्यावरही स्टारना सुट्टी नाही.

प्रत्येक थरथर मात्र वळणाचीच नसते. सव्वा टनाच्या गाडीत दोन टन भरण्यासाठी जादा पाटा टाकला की रिकाम्या गाडीचं मागचं अंग उंचावतं, डिफरन्शियलच्या हौसिंगचा कोन बदलतो आणि प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसवर ताण येतो. भरलेली गाडी शांत, रिकामी गुणगुणते, असं झालं तर आधी इथे बघावं. कंपनाची गतीही काही सांगते. पंधरा इंची रिमच्या चाकाचा घेर साधारण २.२ मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरला चाक सेकंदाला पाचेक वेळा फिरतं. त्याचे धक्के वेगवेगळे जाणवतात. शाफ्ट त्याच्या चार-पाचपट फिरतो, त्याची थरथर एकसलग, बुडाखाली भुणभुण.

मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग कापून, पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही हातांना सावकाश गोल मारावेत. मग तसंच फिरताना क्लच दाबावा. ताकद तुटताच थरथर थांबली तर क्रॉस किंवा हौसिंगकडे वळावं. चालूच राहिली तर चाकाकडे, तरी स्टार पूर्णपणे सुटत नाहीत, कारण चाकं फिरत राहिली की तेही फिरतात. फोर बाय फोर कँपर असेल तर आधी लिव्हर बघावा. कोरड्या डांबरावर चारही चाकं जोडून वळलं, तर चांगली गाडीही अडखळते आणि ढुशी मारते.

हौसिंग उघडण्याआधी तेल काढून बघणं स्वस्त पडतं. ड्रेन बोल्टला राखाडी चिखल असला तर वयाचा भाग. बोटाला टोचणारा कीस किंवा दाताचा तुकडा निघाला तर खोलणं आलंच. तिथे गडबड होते ती अशी: स्टार आणि दांडा बदलून भागणार असतं, तिथे पूर्ण क्राउन-पिनियन विकत घेतलं जातं, किंवा भंगारातून आणलेलं अख्खं हौसिंग टाकतात. क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांना जुळवलेले असतात. त्यातला एकच बदलला तर नवा आवाज विकत घेतल्यासारखं होतं. काम झालं की नवं नव्वद नंबरचं तेल भरून, हवेचं नळकांडं साफ करून, गाडी हौदा भरूनच चालवून बघायची. आणि मागचे दोन्ही टायर एकाच मापाचे, एकाच झिजेचे टाकायचे, नाहीतर पुढच्या हंगामात नव्या स्टारचीही हीच तक्रार घेऊन गाडी गॅरेजच्या दारात उभी राहील.