ग्रास कटर घेताना व्होल्ट नव्हे, वॉट-तास विचारा

श्रावण सरता सरता यवतमाळ जिल्ह्यात घरांची आवारे आणि शेतांचे धुरे गुडघाभर गवताने भरून जातात. तरोटा, हरळी, कुंदा आणि सगळीकडे गाजर गवत. या गवतात साप-विंचवाची भीती असतेच; शिवाय स्क्रब टायफस पसरवणाऱ्या सूक्ष्म किडींच्या अळ्याही तिथेच चिकटून बसतात. 2018 च्या पावसाळ्यात नागपूरसह विदर्भात या तापाने माणसे दगावली होती. म्हणून अंगणातले गवत बुटके ठेवणे हा आरोग्याचा प्रश्न आहे. त्यासाठी तणनाशकाचा पंप घराभोवती, विहिरीजवळ फिरवणे योग्य नव्हे. 2017 च्या खरिपात कपाशीवर कीटकनाशके फवारताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गमावलेल्या या जिल्ह्याला तरी ते वेगळे सांगायला नको.

बॅटरीवर चालणारा दोरीचा ग्रास कटर हा चांगला पर्याय आहे, पण तो विज्ञान समजून घ्यावा. अमेरिकेत ह्यूस्टनच्या जॉर्ज बलास यांनी 1971 मध्ये मोटारी धुणारे फिरते ब्रश पाहून ही कल्पना लढवली आणि भोके पाडलेल्या डब्यातून मासेमारीची दोरी ओवून पहिले यंत्र जुळवले. गोफण फिरवणाऱ्याच्या हाताला हे तत्त्व ठाऊक असते: दोरीचा ताठपणा तिच्या फिरण्यातून येतो. 15 सेंटिमीटर लांबीची दोरी मिनिटाला 6000 फेरे घेते, तेव्हा तिच्या टोकाचा वेग ताशी सुमारे 340 किलोमीटर होतो. कोवळ्या काडीला वाकायलाही वेळ मिळत नाही, ती तुटते. जून तरोट्याचे खोड किंवा घाणेरीची फांदी मात्र दोरीलाच झिजवते. तिथे धातूचे पाते आणि जास्त ताकदीची मोटर लागते.

आता खोक्यावरचे आकडे पाहू. लिथियम-आयन बॅटरीचा एक सेल साधारण 3.6 व्होल्टचा असतो. असे पाच सेल एकापुढे एक जोडले की 18 व्होल्ट होतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 वर जातो आणि बेरीज 21 होते. म्हणजे 18, 20 आणि 21 व्होल्ट लिहिलेल्या खोक्यांत एकाच ताकदीची बॅटरी असू शकते. खरा हिशेब वॉट-तासांचा: 18 व्होल्ट गुणिले 4 अँपिअर-तास म्हणजे 72 वॉट-तास. दाट गवतात मोटर 300 वॉट ओढत असेल, तर ही बॅटरी जेमतेम चौदा मिनिटे पुरेल. विरळ गवतात जास्त. अंगणाला तेवढे पुरते, एकरभर शेताच्या धुऱ्याला नाही. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 9000 वॉट-तास ऊर्जा असते. छोटे इंजिन त्यातला पाचवा-सहावा हिस्साच कामी लावते, तरीही लांब धुऱ्यावर त्याच्याशी बॅटरीची बरोबरी होत नाही.

घरात फवारणी पंपाची 12 व्होल्ट, 8 अँपिअर-तासांची बॅटरी असते, तिचे 96 वॉट-तास भरतात. पण ही शिसे-आम्ल बॅटरी अडीच किलोंच्या आसपास भरते आणि सावकाश वीज देण्यासाठी बनलेली असते. एकदम पंचवीस अँपिअर ओढले की ती लवकर बसते. ती जोडून कटर चालवण्याचा जुगाड करू नये.

बरेच जण काम सोपे व्हावे म्हणून कटरचे संरक्षक कव्हर काढून टाकतात. त्या कव्हरच्या कडेला एक छोटे पाते असते आणि ते वाढलेली दोरी ठरावीक लांबीवर छाटते. कव्हर गेले की दोरी लांबच राहते, आणि त्याच फेऱ्यांवर हवेचा अडथळा कापायला लागणारी ताकद दोरीच्या लांबीच्या चौथ्या घाताने वाढते. 12 सेंटिमीटरची दोरी 15 झाली, तर ही ताकद जवळजवळ अडीचपट लागते. बॅटरी झरझर उतरते, मोटर तापते आणि उडालेला खडा थेट पायावर येतो.

मे महिन्यात आपल्याकडे पारा 45 अंशांच्या आसपास जातो. टिनाच्या खोलीत ठेवलेल्या बॅटरीचे आयुष्य उष्णतेने झपाट्याने घटते. काम संपल्यावर ती थंड होऊ द्यावी, मगच चार्जिंगला लावावी. हंगाम संपला की अर्धी चार्ज करून घरातल्या गार कोपऱ्यात ठेवावी. कोरड्या उन्हाळ्यात नायलॉनची दोरीही ठिसूळ होते. वापरण्याआधी ती रात्रभर पाण्यात भिजवली, तर नायलॉन पाणी शोषून पुन्हा चिवट होते.

गाजर गवताला मात्र कटर लावू नये. ते बुडाशी पुन्हा फुटते आणि बुटके राहूनच फुलते. शिवाय उडालेल्या तुकड्यांतल्या पार्थेनिन या द्रव्यामुळे त्वचेला खाज सुटते, पुरळ येते. फुलण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून ते मुळासकट उपटावे.

थोडक्यात, आवारासाठी 18 व्होल्ट, 4 अँपिअर-तासांच्या दोन बॅटऱ्या आणि ब्रशलेस मोटर असलेला हलका कटर घ्यावा. लांब धुऱ्यासाठी पेट्रोलचा ब्रश कटर चार शेतकऱ्यांनी मिळून घेतला तरी चालेल. घेताना दुकानदाराला तीन गोष्टी विचाराव्यात: बॅटरी किती वॉट-तासांची, सुटी बॅटरी आणि दोरी यवतमाळातच मिळेल का, आणि जुनी बॅटरी परत कुठे द्यायची. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार वापरलेली बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. या तिन्हींची उत्तरे नीट मिळत नसतील, तर किंमत कितीही कमी असली तरी दुसरे दुकान गाठावे.