बारावीनंतरच्या कॉलेजची तयारी अकरावीच्या पावसाळ्यात



बारावीचा निकाल लागला की तुमच्यापैकी अनेकजण आपुलकीने विचारता, “यंदा आपली किती मुले पास झाली?” त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न दिवाळीनंतर विचारावा असे वाटते : त्यांपैकी किती मुले अजून कॉलेजात आहेत? अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील पाड्यांवरून नाशिक-पुण्याला गेलेली मुले मध्येच परत येतात, ती नेहमी अभ्यास झेपला नाही म्हणून येत नाहीत. कुठे एखादा कागद अडतो, कुठे पहिल्या दोन महिन्यांचे पैसे नसतात, कुठे वर्गात काय चालले आहे ते कोणाला विचारावे हेच कळत नाही. या तिन्हींची तयारी आधी करता येते. निकालानंतर सुरुवात केली तर मात्र उशीर झालेला असतो.

कागदांचे आधी सांगतो, कारण सर्वांत जास्त वेळ त्यातच जातो.

जातीचा दाखला प्रांत कार्यालयातून मिळतो आणि तो बहुतेक मुलांकडे असतो. साध्या बीए-बीएस्सीला तेवढ्यावर भागते. अभियांत्रिकी, फार्मसी, कृषी, वैद्यकीय अशा अभ्यासक्रमांत राखीव जागा हवी असेल तर जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे मुलांच्या भाषेत ‘व्हॅलिडिटी’, लागते. अनुसूचित जमातींची यादी राष्ट्रपतींच्या ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशाने जाहीर झाली. म्हणून पडताळणी समिती त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागते, आणि तोही वडिलांकडच्या नात्यातला. ज्याचे आजोबा शाळेची पायरी चढलेच नाहीत, त्याने आजोबांच्या शाळेचा उतारा आणायचा कुठून? अशा वेळी गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीतली नोंद, जमिनीचे जुने कागद, एखाद्या चुलत आजोबांचे नाव, असे शोधत जावे लागते. तहसील कार्यालयात चार-पाच फेऱ्या सहज होतात, आणि पाड्यावरून तालुक्याला जाऊन येण्यात मजुरीचा पूर्ण दिवस बुडतो.

म्हणून घरात पहिला प्रश्न हा विचारावा : वडिलांना, सख्ख्या काकांना किंवा वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यात कोणाला आधी व्हॅलिडिटी मिळाली आहे का? मिळाली असेल तर ती प्रत फाईलमध्ये सर्वांत वर ठेवावी. नसेल तर समितीचे दक्षता पथक गावात चौकशीला येऊ शकते. ते चालीरीती, सण, बोली यांविषयी विचारतात. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे, आणि जुन्या लेखी नोंदींचे मोल मोठे आहे. तरीही घरातल्या वडीलधाऱ्यांना पथक येणार हे आधी सांगून ठेवावे. अनोळखी सरकारी माणूस दारात दिसला की आमची माणसे गप्प होतात.

आपल्या मंडळ्यांतून वारंवार विचारले जाते म्हणून एक गोष्ट इथेच लिहितो. अनुसूचित जमातींच्या त्या आदेशात धर्माची अट नाही. ती अट अनुसूचित जातींच्या आदेशात आहे, आणि दोन्हींची गल्लत होते. त्यामुळे घाबरून धर्माचा रकाना रिकामा सोडणे किंवा एका अर्जात एक आणि दुसऱ्यात दुसरे लिहिणे, यातून फक्त घोटाळा वाढतो. नावाचेही तसेच. शाळेत एक नाव, बाप्तिस्म्याचे दुसरे, आधार कार्डावर तिसरेच स्पेलिंग असेल तर ते दहावी-बारावीतच एकसारखे करून घ्यावे.

हे सगळे अकरावीच्या पावसाळ्यात का? कारण दिवाळी झाली की आमच्या भागातली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातेत जातात आणि उन्हाळ्यातच परततात. सही करायला बाप गावात नसतो, आजोबांचे नाव सांगायला आजी नसते. शाळेने डिसेंबरमध्ये कागद मागितले की मुलगा कुलूप लावलेल्या घरासमोर उभा असतो. प्रमाणपत्र द्यायला सरकार कधी कधी मुदतवाढ देते हे खरे, पण तिच्या भरवशावर बसू नये.

आता एक बारीकशी वाटणारी गोष्ट. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि ओटीपी येतो आधारला जोडलेल्या मोबाईलवर. तो मोबाईल कोणाचा? आधार काढताना घरात फोन नव्हता म्हणून कोणी शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो, कोणी गावातल्या दुकानदाराचा. काही नंबर केव्हाच बंद पडलेले असतात. शिवाय पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्याने द्यावे लागतात, ते राहून गेलेले असतात. पैसेही आधारला शेवटी जोडलेल्या बँक खात्यातच जमा होतात, मग ते खाते मुलाला आठवो वा न आठवो. आधार केंद्रात एक सकाळ घालवली तर यातले बरेचसे सुटते. बारावीच्या वर्षात प्रत्येक मुलामुलीची ही सकाळ ठरवून घालवावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

पैशांचे गणित आता बघा. कौटुंबिक उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. शासकीय आदिवासी वसतिगृहासाठी प्रकल्प कार्यालयामार्फत अर्ज करायचा असतो. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना आहे. ती २०१६ साली आली तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांसाठी वर्षाला ६०,००० रुपये ठरले होते, लहान शहरांसाठी त्याहून कमी. योजना चांगल्या आहेत. अडचण एकच, पैसे हप्त्यांनी येतात आणि उशिरा येतात. खानावळवाला मात्र महिन्याच्या पहिल्या तारखेला आगाऊ मागतो, खोलीवाल्याला अनामत हवी असते, आणि गादी, बादली, वह्या, पास हे सगळे एकाच आठवड्यात घ्यावे लागते. अशा वेळी बाप मुकादमाकडून उचल घेतो आणि ती फेडण्यासाठी पुढचा अख्खा हंगाम ऊस तोडतो. मदत करू इच्छिणाऱ्यांना मी म्हणेन, वर्षाची फी देण्यापेक्षा पहिल्या दोन महिन्यांचा खर्च हातात द्या. शिष्यवृत्ती जमा झाली की मुले तो परत करू शकतात, आणि तीच रक्कम पुढच्या मुलाला उपयोगी पडते.

कागद आणि पैसा झाला तरी मूल टिकेल असे नाही. आश्रमशाळेत सकाळी उठायला घंटा असते, जेवायला घंटा असते, अभ्यासालाही घंटा असते. दहा-बारा वर्षे असे वाढलेले मूल अचानक अशा जागी येते जिथे कोणी हजेरीपलीकडे विचारत नाही. त्याला आपण ‘बेजबाबदार’ म्हणतो, हे मला पटत नाही. घड्याळ स्वतःच्या हातात घेण्याची संधी त्याला कधी मिळालीच नव्हती. बारावीच्या शेवटच्या सहामाहीत वसतिगृहांनी मुलांना आठवड्याचा खर्च स्वतः लिहू द्यावा, अभ्यासाची वेळ स्वतः ठरवू द्यावी, बँकेत आणि एसटी स्टँडवर एकटे जाऊ द्यावे. चुका होतील. त्या धडगावात किंवा मोलगीत झालेल्या बऱ्या, पुण्यात नकोत.

भाषेचा डोंगर वेगळाच. घरी पावरी किंवा भिली, शाळेत मराठी, आणि कॉलेजच्या पहिल्याच तासाला इंग्रजी. मुलगी मागच्या बाकावर बसते ती लाजरी म्हणून नव्हे, शब्द कळत नाहीत म्हणून. बारावीच्या सुट्टीत विषयातले नेहमीचे शंभर-दोनशे इंग्रजी शब्द मराठी अर्थासह वहीत उतरवून नेले तर पहिले सहा आठवडे निभावतात. त्यानंतर कान सरावतो.

आणि मुलांना एटीकेटी म्हणजे काय ते आधीच समजावून सांगा. पहिल्या सत्रात एक-दोन विषय राहिले की काही मुले ‘नापास झालो’ म्हणून बॅग भरून घरी येतात. शाळेत नापास म्हणजे वर्ष गेले, एवढेच त्यांना ठाऊक असते. कॉलेजात राहिलेला विषय पुन्हा देता येतो आणि ठरावीक मर्यादेत पुढच्या वर्षाला बसताही येते. नियम विद्यापीठागणिक वेगळे आहेत, ते कॉलेजच्या कार्यालयात विचारावेत. घरातून कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या मुलाला हे सांगणारा मोठा भाऊ नसतो, एवढाच काय तो फरक.

नाशिक, पुणे, मुंबईतल्या मंडळ्यांनी इथे हात द्यावा. आठवड्यातून एक फोन आणि महिन्यातून एक जेवण पुरे. जेवायला बोलावलेले मूल कोणत्या श्रद्धेचे आहे हे विचारू नका, उपासनेला येण्याची अटही घालू नका. घरातल्या कोणी कॉलेज केले असेल तर त्याला शेजारी बसवा. प्रश्न आपोआप निघतात : प्रोजेक्ट म्हणजे काय, सरांना ‘समजले नाही’ कसे म्हणायचे, वाचनालयाचे कार्ड कुठे मिळते.

मुले घरी जायला निघतील तेव्हा त्यांना अडवू नका. होळी हा सातपुड्यातला सर्वांत मोठा सण. त्याआधी भोंगऱ्याचे बाजार भरतात, काठीच्या राजवाडी होळीला डोंगर-डोंगरांतून माणसे येतात. त्या दिवसांत शहरातल्या खोलीत एकट्या बसलेल्या मुलीचे मन अभ्यासात राहत नाही. तिला जाऊ द्यावे. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट आहे, त्यामुळे खर्चही फार होत नाही. जातानाच परतीचे आरक्षण करून द्यावे, आणि कोणत्या दिवशी कोणत्या गाडीने येणार ते तिच्या आईलाही सांगून ठेवावे.