नांगर टाकायचा भरतीत, जागा बघायची ओहोटीत

मंडळी, गेल्या खेपेला आपण स्मृतीविषयी बोललो. आज विषय खाडीतल्या होडीचा आहे. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं होडीवर बोलावं याचं काहींना नवल वाटेल. पण आम्ही खाडीकाठचे, आणि गेल्या काही वर्षांत तिथं जे दिसतंय त्यावर बोलावंसं वाटलं.

आधी एका शब्दाची गंमत बघा. मराठीत शेतात चालतो तोही नांगर आणि होडी धरून ठेवतो तोही नांगर. शेतातला संस्कृत ‘लाङ्गल’वरून आला, होडीतला फारसी ‘लंगर’वरून. दोन वेगळ्या घरांतले शब्द आपल्या तोंडात येऊन एक झाले. भाषेच्या दृष्टीनं हा योगायोगच. पण होडीचा नांगर जागा सोडून घसटायला लागला की तो तळाशी नेमकं शेतातल्या नांगराचंच काम करतो. तळात जे उगवलेलं असतं ते उपटत जातो.

आता, नांगर होडीला धरतो कसा? बहुतेकांना वाटतं, वजनानं. ते फारसं खरं नाही. आपल्याकडे जुन्या काळी दगडी नांगर होते, विजयदुर्गच्या पाण्यात तसे सापडलेलेही आहेत. पण दगड पाण्यात गेला की आपल्या वजनाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग गमावतो. नुसत्या वजनावर होडी धरायची तर केवढा धोंडा लागेल! आकड्यांचा लोखंडी नांगर धरतो तो तळात रुतून. आणि रुतायचं तर ओढ आडवी हवी. दोर उभा झाला की होडी नांगराला वर उचलते, आडवा राहिला की तळात दाबते. म्हणून दोर भरपूर सोडायचा आणि नांगराजवळ दोन-चार मीटर साखळी लावायची. साखळी आपल्या भारानं दोराचं टोक खाली धरते.

भरपूर म्हणजे किती? नाळीपासून तळापर्यंतच्या खोलीच्या निदान पाचपट, असा साधा हिशेब आहे. पण खोली कुठल्या वेळची? इथंच खरी मेख आहे. मालवण-रत्नागिरीकडे उधाणाच्या भरती-ओहोटीत सुमारे 2 मीटरचा फरक पडतो, मुंबईकडे तो 4 मीटरच्या वर जातो. समजा, ओहोटीला पाणी 1 मीटर आहे आणि नाळ पाण्यापासून अर्धा मीटर उंच. दीड गुणिले पाच, साडेसात मीटर दोर सोडला आणि आपण घरी गेलो. सहा तासांनी पाणी 3 मीटर. आता पाचपटीला साडेसतरा मीटर दोर हवा, आणि आपला आहे साडेसात, म्हणजे जेमतेम दुप्पट. ओढ उभी होते, नांगर सुटतो.

बरं, शहाणपणा करून साडेसतरा मीटर सोडला, तर ओहोटीला दुसरीच अडचण. तो सगळा दोर आता उथळ पाण्यात मोकळा असतो. होडी 6 मीटरची धरली तर सुमारे 23 मीटर त्रिज्येच्या वर्तुळात ती कुठंही जाऊ शकते. आणि खाडीत प्रवाह दिशा बदलतो. भरती आत ओढते, सुकती बाहेर. पाणी वळायच्या वेळी थोडा वेळ सगळं थांबतं. दोर ढिला पडतो, तळावर लोळतो, कधी नांगराच्या आकड्याला वेढा घालतो. मग उलटी ओढ आली की ज्या बाजूनं नांगर रुतला त्याच्या विरुद्ध बाजूनं तो उपटला जातो. समुद्रात वारा फिरेल तेव्हा फिरेल. खाडीत ही फिरकी दिवसातून चार वेळा ठरलेलीच. पावसाळ्यात नदीचं पाणी सुकतीला मिळालं की बाहेरची ओढ आणखी जबर होते.

आता या वर्तुळात कालवं आली तर? कालवाची गोष्ट मोठी विलक्षण आहे. अंड्यातून निघालेलं पिल्लू दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतं, मग एखादी कठीण जागा शोधतं: खडक, कांदळवनाची मुळं, आणि विशेष आवडीनं जुन्या कालवाची शिंप. तिथं एक शिंपला चिकटवून टाकतं, तो जन्मभरासाठी. त्याला नांगर उचलणं ठाऊक नाही. म्हणजे कालवांचा थर हा नुसता मालाचा साठा नाही, पुढच्या पिढीचं घर आहे. घसटत गेलेल्या नांगरानं तो उलटा करून चिखलात गाडला की आतली कालवं गुदमरून मरतात, हे तर झालंच. शिवाय पुढच्या पिल्लांना चिकटायला जागा उरत नाही. हे दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही.

उलट बाजूनं कालवंही होडीला सोडत नाहीत. शिंपेची धार पात्यासारखी असते. ढिला दोर तीन-चार भरत्या तिच्यावर घासला की तुटला समजा. ओहोटीला होडी त्या थरावर टेकली तर तळाची लाकडं खरवडली जातात, फायबरला चिरा जातात.

आणि या थरांवर माणसं जगतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास आपल्या किनाऱ्यावर मोठी सुकती सकाळी आणि संध्याकाळी येते. तेव्हा बायका गुडघाभर चिखलातून जाऊन कालवं फोडतात, हातापायांना कापून घेत. घरखर्चाची रोकड त्यातून येते. सिंधुदुर्गात बचतगटांच्या बायकांनी खाडीत बांबूंच्या मांडवाला शिंपांच्या माळा टांगून कालवांची शेतीही केली आहे. कोणाचा नांगर त्या माळांत अडकला तर वर्षाची मेहनत गेली. तिथं ना कुंपण, ना सातबारा. भरपाई मागायची कोणाकडे?

आमच्या मते खरा प्रश्न इथं आहे. पूर्वी नांगर टाकणारा आणि कालवं काढणारी बहुधा एकाच वाडीतले. तळ कुठं कसा आहे ते त्याला घरातच कळे. आता पर्यटकांच्या होड्या आल्या. त्यांचं येणं-जाणं भरतीत, सोयीचं म्हणून. भरतीत खाडी कशी दिसते? सपाट, मोकळी, सगळीकडे सारखी. तीच जागा सहा तासांनी बघा: खडक, चर, चिखल, कालवांचे काळपट पट्टे. दोन्ही दृश्यं खरी, पण नांगर ज्या तळात रुतायचा तो दुसऱ्या दृश्यात दिसतो. प्लेटोच्या ‘फिलीबस’ संवादात सॉक्रेटिस म्हणतो की सुख आहे पण स्मृती नाही, असं जगणं माणसाचं नव्हे, शिंपल्यातल्या जीवाचं. (कालवाला हे कोणी विचारलं नाही, ते सोडा.) भरतीत नांगर टाकताना ओहोटी आठवावी लागते, एवढ्यापुरता तो संवाद खाडीकाठीही लागू आहे.

मग करायचं काय? एक, जागा ओहोटीला चालत जाऊन किंवा वल्ह्यानं टोचून बघावी. चिखल आणि वाळूत वल्हं रुततं, शिंपांवर खरखरतं. दोन, अरुंद खाडीत एका नांगरावर राहू नये. एक वरच्या अंगाला, एक समुद्राच्या अंगाला टाकावा आणि दोन्ही दोर नाळीला बांधावेत. मग होडी जवळपास जागच्या जागी फिरते, ते 23 मीटरचं वर्तुळ उरत नाही. रोजचीच जागा असेल तर खुंट ठोकणं सगळ्यांत बरं, मात्र वाडीला विचारून. नांगराच्या मागच्या टोकाला एक बारीक दोर आणि बोया बांधून ठेवावा. अडकला तर तो मागून उचलता येतो, इंजिन लावून फरफटवावा लागत नाही.

वेळेसाठी आपला जुना हिशेब आहेच: तिथीची पाऊणपट. चतुर्थीला चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता भरती. हा मुंबईचा ढोबळ आकडा. दक्षिणेला रत्नागिरी-मालवणकडे भरती जरा आधी येते, आणि खाडीत जितकं आत जाल तितकी उशिरा. आत किती उशिरा, हे त्या त्या खाडीवर अवलंबून. ते कालवं काढायला जाणाऱ्या बायकांना विचारावं. थर कुठून कुठपर्यंत आहे हेही त्याच सांगतील.