कोर्सचा क्रमांक एक झाला, क्रेडिटचं काय?

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही एकाच डिस्ट्रिक्टची दोन कम्युनिटी कॉलेजं. पहिल्या वर्षाचा इंग्रजी लेखनाचा कोर्स फूटहिलमध्ये ‘इंग्लिश 1ए’, तर डी अँझात ‘ईडब्ल्यूआरटी 1ए’ या नावानं वर्षानुवर्षं चालला. डायाब्लो व्हॅली कॉलेजात त्याच पातळीचा कोर्स ‘इंग्लिश 122’ होता. संख्याशास्त्राचा गोंधळ याहून मोठा. हा कोर्स डी अँझात मॅथ 10, सँटा मोनिकात मॅथ 54 आणि सॅन डिएगो मेसात मॅथ 119 होता. विद्यार्थ्यानं कॉलेज बदललं की ‘मी हेच शिकलोय’ हे पटवण्याचं काम त्याच्याच गळ्यात पडायचं.

हे बदलावं म्हणून कॅलिफोर्नियानं 2021 मध्ये असेंब्ली बिल 1111 मंजूर केलं. ते असेंब्ली सदस्य मार्क बर्मन यांनी मांडलं होतं. राज्याच्या 116 कम्युनिटी कॉलेजांनी समान कोर्सला समान क्रमांक द्यायचा, असा हा कायदा आहे. 2025 च्या फॉल सत्रापासून पहिले सहा कोर्स नव्या क्रमांकानं सुरू झाले. इंग्रजी लेखन इंग्लिश सी1000 झालं आणि चिकित्सक विचार व लेखन इंग्लिश सी1001. संख्याशास्त्र, मानसशास्त्र, अमेरिकन शासनव्यवस्था आणि भाषणकला यांनाही आपापल्या विषयाच्या आद्याक्षरांपुढे सी1000 हा क्रमांक मिळाला. यातला ‘सी’ म्हणजे कॉमन.

बे एरियातल्या मराठी घरांना हा विषय परका नाही. हायस्कूलमध्ये असतानाच कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेणारी मुलं आपल्याकडे भरपूर आहेत. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात काढून यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, जायचं ठरवणारीही आहेत, आणि लग्नानंतर इथे येऊन पुन्हा शिकायला बसलेल्या बायकाही. नव्या क्रमांकाबद्दल या घरांमध्ये ज्या समजुती कानावर येतात, त्यातल्या काही थेट नुकसान करतील अशा आहेत.

सगळ्यात महाग पडणारा समज आधी घेते: ‘क्रमांक एकच आहे, म्हणजे आता कुठल्याही विद्यापीठात, कुठल्याही मेजरला तो धरला जाणारच.’ क्रेडिट मिळणं आणि ते तुमच्या पदवीच्या अटीत बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विद्यापीठ तुमचं संख्याशास्त्र स्वीकारेल, युनिट मोजेल आणि तरीही ते ऐच्छिक विषयांत टाकेल, कारण तुमच्या मेजरला कॅल्क्युलसवर आधारलेलं संख्याशास्त्र लागतं. मार्कशीटवर सगळं शाबूत दिसतं, पदवी मात्र एका सत्रानं लांबते. क्रेडिट वाया जाण्याचं प्रमाणही लहान नाही. अमेरिकन काँग्रेससाठी काम करणाऱ्या जीएओ या संस्थेनं 2017 मध्ये दिलेल्या अहवालाप्रमाणे, 2004 ते 2009 या काळात कॉलेज बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी अंदाजे 43 टक्के क्रेडिट्स बुडाली होती. सरकारी कॉलेजातून सरकारी कॉलेजात गेलेल्यांचीही 37 टक्के. हे सगळं नुकसान काही क्रमांकांमुळे झालं नव्हतं, त्यामुळे नुसत्या क्रमांकानं ते थांबणारही नाही.

हा कायदा फक्त कम्युनिटी कॉलेजांना लागू आहे, हेही अनेकांना माहीत नसतं. बर्कली, डेव्हिस किंवा सॅन होजे स्टेटचे कोर्स आपापल्या जुन्या क्रमांकांनीच चालतात. तिथे तुमच्या कोर्सच्या बदल्यात काय धरलं जाईल, हे पूर्वीप्रमाणेच कॉलेज आणि विद्यापीठ यांच्यातल्या करारावर ठरतं. हे करार असिस्ट डॉट ऑर्ग या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात. खाजगी आणि परराज्यातली विद्यापीठं आपले नियम आपणच ठरवतात. आणि क्रमांक म्हणजे प्रवेशाची हमी तर मुळीच नव्हे. प्रवेशाचे नियम वेगळे आहेत, ग्रेड वेगळ्या पाहिल्या जातात.

इंजिनिअरिंगवाल्यांनी इथे जरा थांबावं. त्यांचा खरा प्रश्न एकेका कोर्सचा नसून साखळीचा असतो. डी अँझात वर्षाची तीन क्वार्टर, प्रत्येक सेमिस्टरपेक्षा लहान, म्हणून तिथली भौतिकशास्त्राची मालिका 4ए ते 4डी अशी चार कोर्सची. सेमिस्टर पद्धतीच्या अनेक कॉलेजांत तोच अभ्यास तीन कोर्समध्ये बसवलेला असतो. कुठला भाग कुठल्या कोर्समध्ये हे जुळत नाही, त्यामुळे दोन कोर्स इकडे आणि एक तिकडे केला की मधलाच एखादा भाग राहून जातो. एकदा सुरू केलेली मालिका शक्यतो त्याच कॉलेजात पूर्ण करावी, हा काउन्सेलरांचा जुना सल्ला आजही तेवढाच खरा आहे. पहिल्या सहा कोर्समध्ये कॅल्क्युलस नव्हतं, भौतिकशास्त्रही नव्हतं. बाकीचे विषय टप्प्याटप्प्यानं येणार आहेत.

‘जुना कोर्स आता बाद झाला’ अशी भीती काही पालकांना वाटते. तसं नाही. ज्यानं 2023 मध्ये ईडब्ल्यूआरटी 1ए केलं, त्याचं क्रेडिट तसंच राहतं. धोका उलट बाजूनं आहे. यादीत इंग्लिश सी1000 दिसलं, ‘हे आपण केलेलं नाही’ असं वाटलं आणि मुलीनं नाव नोंदवलं, असं सहज होऊ शकतं. एकाच कोर्सचं क्रेडिट दोनदा मिळत नाही. राज्याच्या रहिवाशाला सेमिस्टर पद्धतीच्या कॉलेजात युनिटमागे 46 डॉलर फी पडते, ती एक वेळ सोसवेल. पण त्या वेळात जो दुसरा कोर्स झाला असता, तो गेला. नाव नोंदवण्याआधी कॉलेजच्या कॅटलॉगमधलं वर्णन उघडून कोर्सचा पूर्वीचा क्रमांक बघा.

प्राध्यापकांच्या बाजूनंही एक आक्षेप येतो: सगळीकडे एकच साचा बसणार, शिकवण्याचं स्वातंत्र्य संपणार. ही काळजी मला मनापासून समजते, पण वस्तुस्थिती तेवढी वाईट नाही. कोर्सचं शीर्षक, किमान युनिट, पूर्वअट, उद्दिष्टं आणि मुख्य आशय समान ठेवायचा आहे, आणि तो ठरवायला त्या त्या विषयाचे प्राध्यापकच बसले होते. पुस्तक कुठलं, निबंध कशावर, वर्गात चर्चा कशी, हे शिकवणाऱ्याच्याच हातात राहतं. कॉलेजला आपल्याकडून जादा आशय घालायलाही जागा ठेवली आहे.

‘असे क्रमांक तर आधीपासून होतेच’ असं म्हणणारे सी-आयडीचा दाखला देतात. सी-आयडी होता आणि आहे, पण तो कॉलेजच्या स्वतःच्या क्रमांकाशेजारी लावलेला दुसरा क्रमांक. विद्यार्थ्याच्या डोळ्यांसमोर राहायचा तो कॉलेजचाच. नवा कायदा नेमका तिथे बदल करतो. आणि हा प्रयोग कॅलिफोर्नियानं पहिल्यांदा केला असंही नाही. फ्लोरिडात राज्यभर एकच क्रमांकपद्धत 1970 च्या दशकापासून आहे, आणि तिथे सार्वजनिक विद्यापीठंही तिच्यात सामील आहेत. टेक्सासातही समान क्रमांक आहेत. कॅलिफोर्नियानं विद्यापीठांना बाहेर ठेवलं, हे माझ्या मते या कायद्याचं अपुरेपण आहे.

तेव्हा पुढच्या सत्राची नोंदणी उघडायच्या आधी असिस्टवर जा, आपलं कॉलेज, जायचं ते विद्यापीठ आणि मेजर निवडा, आणि आलेला करार छापून काउन्सेलरकडे घेऊन जा. एकाच विद्यापीठावर थांबू नका. ज्या तीन-चार ठिकाणी अर्ज करायचा विचार आहे, त्या प्रत्येकाचा करार वेगळा वाचा. आणि झालेल्या प्रत्येक कोर्सचा सिलॅबस जपून ठेवा. परराज्यात किंवा खाजगी विद्यापीठात गेलात, तर तिथे सी1000 कुणी ओळखेलच असं नाही. तो सिलॅबसच मागतील.