केडा नको, केडी हवी

पहाटे ५.३० — टोंकखुर्दकडून फोन. "डॉक्टरसाब, गाय कालच्या संध्याकाळपासून ओरडतेय." संध्याकाळी माज दिसला तर सकाळी भरवायची, सकाळी दिसला तर संध्याकाळी. म्हणजे आज पहिली हीच. मी पशुवैद्य नव्हे, कृत्रिम रेतन करणारा. पण देवास जिल्ह्यात कोपरापर्यंत मोजा चढवणारा प्रत्येकजण डॉक्टरसाबच!

६.०० — पात्रात पट्टी बुडवून द्रव नायट्रोजन पाहिला. उणे १९६ अंशांची थंडी टिकली नाही तर आतल्या रेताच्या सगळ्या कांड्या वाया.

७.०० — पाव मिलिलिटरची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट धरली. मालकाचा प्रश्न ठरलेला: "केडीच होईल ना?" केडी म्हणजे कालवड, केडा म्हणजे गोऱ्हा. साध्या कांडीत निम्मी शक्यता, लिंगनिवड केलेल्या कांडीत दहापैकी नऊ. ती महाग, तरी मागणी तिलाच. इंडोनेशियात नर वासरू मांसासाठी पोसतात. तेवढ्यानेही भागत नाही, म्हणून ऑस्ट्रेलियातून जिवंत जनावरं जहाजाने आणतात. इथे गोऱ्ह्याला गिऱ्हाईकच नाही. पांढरट-करड्या अंगाचा, काळपट मानेचा माळवी बैल ओढकामासाठी नावाजलेला. पण माळव्याच्या काळ्या जमिनीत सोयाबीन पेरायला आता ट्रॅक्टर येतो. आणि मध्य प्रदेशच्या २००४ च्या गोवंश वध प्रतिषेध कायद्यानंतर थकलेला बैल कसायाला देण्याचा प्रश्नच उरला नाही. कायद्याबद्दल ज्याचं त्याचं मत असो. वैरणीचा खर्च मात्र मालकाच्याच माथी.

११.०० — कानातले बिल्ले, बारा आकडी नंबर, नोंदी. दोन महिन्यांपूर्वी भरवलेल्या गायी तपासल्या. एक उलटली. मालक माझ्यावर चिडला, चहा मात्र पाजला.

१.३० — डबा खाताना धार जिल्ह्यातून, कुक्षीहून मेहुण्याचा फोन. तोही याच धंद्यात. तिकडे तांबड्या अंगावर पांढरे ठिपके असलेली निमाडी गाय. गीर आणि आपल्या खिल्लारीच्या संकरातून ती आली असं मानतात. "दाजी, निमाडीचं कौतुक सगळे करतात, कांडी मात्र गीरची मागतात." माळवीचंही तेच. भाषणात वाण जपायचा, गोठ्यात दूध बघायचं!

४.०० — भोपाळ रस्त्यावर मोटारसायकल हळू घ्यावी लागते. डांबरावर ठाण मांडून बसलेले बहुतेक गोऱ्हे आणि खोंड. काहींच्या कानातला बिल्ला कापून काढलेला. गोशाळेत गेलेला बैलही खायचा थांबत नाही. त्याच्या चाऱ्याचं अनुदान शेवटी दुधावर नव्हे, सरकारी तिजोरीवर.

७.०० — दूध संकलन केंद्र. भाव फॅटवर, म्हणून म्हशीचं दूध घालणारा खूश. शिवाय म्हैस गोवंशात मोडत नाही; त्या कायद्याच्या बाहेर राहते. रांगेतल्या एका काकांनी दोन गायी देऊन म्हैस घेतली. म्हटलं, "काका, म्हशीचा माज मुका असतो, ओरडून सांगत नाही. शेपटीखाली रोज बघत जा." काका म्हणाले, "बघू की. तिचं दूध बोलतं ना!"