परक्यांच्या छापखान्यातील आपला राजा

सतराव्या शतकात लंडनचे छापखाने फ्रान्सच्या राजांच्या हकीकती छापून विकीत असत. त्याच बाजारात १६९८ साली आपल्या राजाचीही हकीकत आली. ग्रंथकर्ता जॉन फ्रायर, ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर. आमच्या जोगेश्वरीच्या उत्तरेची कान्हेरीची लेणी त्याने पाहिली होती; ही सारी साष्टी तेव्हा पोर्तुगीजांची.

रायगडावर मात्र तो गेला नव्हता. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकास हजर होता तो कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन. त्या वकिलातीचा वृत्तान्त फ्रायरने आपल्या ग्रंथात घातला. आता, मंडळी, हा वकील आला कशाला? राजापूरच्या वखारीच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराच्या सवलती मागायला! आम्ही उभा जन्म मालकांचे कागद वाचण्यात घालविला, म्हणून लिहिणाराचा हिशेब आधी पाहतो, मजकूर मागाहून.

पण हिशेबी डोळा पुष्कळदा बारीक पाहतो. सिंहासनापाशी सोन्याची माशांची मुंडकी, घोड्यांच्या शेपट्या आणि भाल्याच्या टोकावर न्यायाचा तराजू होता, हे त्याने टिपले. दारातले हत्ती असल्या अवघड वाटेने वर आले कसे, याचा त्याला अचंबा वाटला. ते ज्यांनी चढविले त्यांची नावे वृत्तान्तात नाहीत.

कष्टाचा माणूस तिथे ठळक दिसतो तो एकच: इंग्रजांना मांस पुरविणारा म्हातारा खाटीक. कित्येक वर्षांत खपले नव्हते इतके मांस त्या पाहुण्यांनी थोड्या दिवसांत संपविले. ही गिऱ्हाइके आहेत तरी कशी, हे पाहायला तो गड चढून आला.