गारांनी घरात कोंडलं तर

टीव्हीवर आपण काश्मीरातली बर्फात बुडालेली घरं बघतो. आपल्या होटगीत तसा बर्फ पडत नाही. पण ऐन ज्वारीच्या काढणीत आभाळ काळं होतं आणि गारा आपल्यालाही घरात कोंडतात. 2014 साली फेब्रुवारीअखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात ठिकठिकाणी गारपीट झाली, आपला सोलापूर जिल्हाही त्यात सापडला. ज्वारी आडवी झाली, द्राक्षं-डाळिंबं फुटली. कुठं कुठं तर रानं पांढरीशुभ्र दिसत होती.

एवढ्या उन्हात बर्फ येतो कुठून? जमीन तापली की गरम हवा जोरानं वर चढते. वरची हवा मात्र अजून थंडच असते. ढग उंच वाढतो, त्यातलं पाणी गोठतं. खालचा वारा तो गोळा पुन्हा वर ढकलतो, त्यावर आणखी पाणी गोठत जातं. वाऱ्याला पेलवेनासा झाला की तो खाली येतो. गार फोडून बघा, कधी कधी आत कांद्यासारखे पदर दिसतात.

म्हणजे गारांचा ढग हा विजेचाही ढग. आणि नेमकं त्याच वेळी आपण बायका बाहेर पळतो. माळवदावर कुरडया वाळत असतात, खळ्यात कणसं असतात, शेळी लिंबाखाली बांधलेली असते. वर्षाची भाकरी भिजताना बघवत नाही, हे आम्हालाही कळतं. पण वीज चमकल्यावर तीस आकडे मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला, तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. मग कुरडया जाऊ द्यायच्या. शेवटच्या गडगडाटानंतरही अर्धा तास घरातच थांबायचं. आवराआवर करायची ती दुपारी ढग चढू लागतात तेव्हाच. शेळ्याही तेव्हाच झाडाखालून सोडून गोठ्यात घ्यायच्या.

पत्र्याचं घर असेल तर वर ठेवलेले दगड आजच उतरवा. वादळात पत्रा उचलला की ते दगड खाली झोपलेल्या लेकरावर येतात. पत्र्याला हुकाचे बोल्टच हवेत. माळवदाचं घर असेल तर सवण्यावर झाकण आहे का बघा, आणि भिजून फुगलेल्या भिंतीला टेकून कुणाला बसू देऊ नका. टीव्ही, मोबाईलचा चार्जर काढून ठेवा.

गारा थांबल्यावर पडलेलं पीक लगेच उचलू नका. आधी फोटो काढा, तलाठी आणि कृषी सहायकांना कळवा. पंचनाम्याच्या वेळी घरचा गडी नसला तरी आपण रानात उभं राहायचं, किती गुंठे गेलं ते सांगायचं. आपल्याला ते माहीत असतंच.

भिजलेला कडबा पेंढ्या सोडून उन्हात पसरा. बुरशी धरलेला जनावरापुढं टाकू नका. आणि एक गोष्ट हमखास विसरली जाते. पाऊस पडल्यावर कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना आठ-दहा दिवसांत हिरवे फुटवे येतात. उन्हाळ्यात हिरवं दिसलं की गाय तिकडंच ओढ घेते. त्या कोवळ्या फुटव्यांत विष असतं, त्यालाच आपण किराळ लागणं म्हणतो. जनावर धापा टाकतं, लटपटतं, थोड्या वेळात कोसळतं. तसं दिसलं तर घरगुती उपायात वेळ न घालवता जनावरांच्या डॉक्टरांना बोलवा, नाहीतर 1962 वर फोन लावा. ते रान नांगरून होईपर्यंत गुरं तिकडं सोडू नका.